फुली मारलेला ससा

५ सप्टेंबर, शुक्रवार

बाईसाहेब,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहितात. प्रेम तर नाहीच, आणि वाकून नमस्कार करावा एवढ्या तुम्ही वयाने मोठ्या नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

हे पत्र मी भिंगरीच्या सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवतेय. ते तुमच्याच हाती पडणार याची मला खात्री आहे. तुमचा नवरा बॅगांच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना चेनी उघडून दाखवतो, पण घरी आल्यावर स्वतःच्या बॅगेतला डबासुद्धा काढत नाही. तो माझा नवरा होता तेव्हा मी काढायचे. आता तुम्ही काढत असाल.

तर सॅक. गेल्या रविवारी संध्याकाळी भिंगरी तुमच्याकडून परत आली तेव्हा जिन्यावर मला आधी ससाच दिसला. गुलाबी, लोंबत्या कानांचा, पोट सुटलेला ससा. त्याच्या खाली दोन पाय चालत होते, ते माझ्या मुलीचे होते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाक दिसतच नव्हतं.

मी बॅगांच्या कारखान्यात तपासणीला बसते, हे तुम्हाला त्याने सांगितलं असेलच. "दिवसभर खडूने फुल्या मारते, घरी आली की माणसांवर मारते," असं तो माझ्याबद्दल चारचौघांत सांगायचा आणि लोक हसायचे. टेबलावर आलेल्या प्रत्येक बॅगेत जिथे खोट सापडेल तिथे पांढऱ्या खडूची फुली. फुली नसेल ती बॅग पास. तुमच्या सशावर मी मारलेल्या फुल्या तुम्हाला दिसतीलच, तरी वाचून दाखवते.

पहिली फुली डोळ्यांवर. ती बटणं आहेत, आणि एकेका दोऱ्यावर टांगलेली आहेत. अडीच वर्षांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं हे दवाखान्याच्या काउंटरवर बसून कळत नसेल. दुसरी फुली बुडावर. एवढ्या मुलीची सॅक खांद्याखाली सुरू होऊन कमरेशी संपायला हवी. ही गुडघ्याच्या मागे आपटते. तिसरी पट्ट्यांवर. ते खांद्यावरून घसरतात, कारण छातीवर त्यांना एकत्र धरणारा आडवा पट्टाच नाही. बाकीच्या फुल्या राखून ठेवल्यात. एकदम सगळं शहाणपण तुम्हाला झेपायचं नाही.

आता तुम्हाला माहीत आहे तेच लिहिते, म्हणजे मला माहीत आहे हे तुम्हाला कळेल. पुढच्या महिन्यात भिंगरी बालवाडीत जाणार. बालवाडी तुमच्या घराजवळ आहे, म्हणून सोमवार ते शुक्रवार तिने तुमच्याकडे राहावं आणि माझ्याकडे फक्त शनिवार-रविवार यावं, असा अर्ज तुमच्या नवऱ्याने केलाय. एक ऑक्टोबरला आम्हाला समुपदेशक बाईंसमोर बसायचंय. त्या दिवशी मी हा ससा त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. ज्या घराला मुलीच्या पाठीचं माप कळत नाही, त्या घरात मुलगी ठेवायची का, एवढंच विचारणार आहे.

सोबत खेळण्यातला पत्र्याचा ढोल आणि दोन काड्या दिल्या आहेत. भिंगरीला तो फार आवडतो. सकाळी उठल्या उठल्या लागतो.

भिंगरीची आई


१२ सप्टेंबर, शुक्रवार

दातवाल्या बाई,

आमच्या कारखान्यात तुमचं हेच नाव आहे. रागावू नका, कुणी वाईट अर्थाने म्हणत नाही. मी एकटीच म्हणते. तो तुमच्या दवाखान्यात अक्कलदाढ काढायला आला होता. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर घरी होते, त्याच्यासाठी गाळून गाळून मऊ जेवण करत होते. एक दाढ काढायला माणूस किती वेळा दवाखान्यात जातो, याचा मी हिशेब केला नाही. दाढेबरोबर अक्कलही तिथेच ठेवून आला हे मला फार उशिरा कळलं. काउंटरवरून पुढची तारीख देणाऱ्या तुम्हीच होतात ना? त्याला बायको आहे, घरी तान्ही मुलगी आहे, हे त्या कार्डावर लिहायला जागा नसेल.

असो. सशाचे डोळे पाहिले. बटणं कापून तिथे काळ्या दोऱ्याने डोळे भरलेत. एक डोळा छताकडे बघतो, दुसरा दाराकडे. भिंगरी त्याला "बघ, बघ" म्हणत खो खो हसते, म्हणून बोलत नाही. टाके मात्र असे आहेत की आमच्याकडच्या नव्या मुलीलासुद्धा मी पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं.

ढोलाच्या काड्यांना टोकाशी कापूस गुंडाळून वर फडकं बांधलंय, तेही पाहिलं. कापूस दवाखान्यातला आहे, वासावरून कळतं. आता ढोल वाजला तर उशीवर थाप मारल्यासारखा वाजतो. हुशार आहात.

पण बुडाचं काय? रविवारी तुमच्या नवऱ्याने तिच्या सॅकमध्ये स्वतःची छत्री, चार्जर आणि पाण्याची भरलेली बाटली कोंबली होती. स्वतःचे हात मोकळे राहावेत म्हणून. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिचा तोल मागे गेला आणि ती मटकन बसली. मी खालीच उभी होते, म्हणून धरली. नसते तर? तो पुढे चालत होता, फोनवर. मागे वळून म्हणाला, "अगं, नीट चाल ना." अडीच वर्षांच्या मुलीला.

म्हणून बुडावरची फुली पुन्हा मारली आहे, आणि जरा दाबून. रिकामी सॅक एका बोटावर सहज उचलता यायला हवी आणि तिच्यात तिच्याच वस्तू हव्यात. एक कपड्यांचा जोड, एक छोटी बाटली, एक खाऊचा डबा. बापाचा संसार नको. चेन तिला स्वतःला उघडता यायला हवी. आत्ताच्या चेनीचं टोक तिच्या बोटांना सापडत नाही, तिथे एक जाड दोरीची गाठ हवी. फुली मारली आहे.

हे लिहिताना आमच्या मुकादमीण बाई मागे उभ्या होत्या. साठीच्या आहेत, कुणाचं पत्र वाचताना त्यांना लाज वाटत नाही. सगळं वाचून म्हणाल्या, "अगं बये, पुरावा जपून ठेवायचा असतो. शत्रूकडे दुरुस्तीला पाठवायचा नसतो."

त्यांचं खरं आहे. पण खोट दिसली की माझा हात आपोआप खडूकडे जातो, आणि फुली मारलेला माल मी टेबलावर ठेवून घेऊ शकत नाही. तो परत जातो. अठरा वर्षं हेच केलंय. आणि तसंही, तुम्हाला जमणार थोडंच आहे?

भिंगरीची आई


१९ सप्टेंबर, शुक्रवार

अहो,

सशाचं पोट कापलंत! दोन्ही पायांच्या मधून उभं उसवून, बूड चार बोटं वर घेऊन परत शिवलंत. अस्तर आतून तिरकं बसलंय आणि डावा पाय उजव्यापेक्षा जाड झालाय. पण लांबी बरोबर आली. मी तिच्या पाठीला लावून दोनदा पाहिली. मला चीड आली. पुराव्याची एक फुली कमी झाली.

चेनीला गाठ आहे. छातीवर पट्टा आहे, तुमच्याच कुठल्या तरी ड्रेसचा असावा, निळा. पण त्याला चिमटा कसला लावलाय? आधी मला ओळखू येईना. मग आठवलं. दवाखान्यात खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गळ्याभोवती तो कागदी रुमाल अडकवतात ना, त्याचा चिमटा! धातूचा, दात असलेला. तिची कातडी त्यात अडकली तर? फुली. प्लास्टिकचं बक्कल आणा. दोन्ही बाजूंनी दाबलं की सुटणारं, तिच्या दोन्ही अंगठ्यांना जमेल एवढं.

उजव्या पट्ट्यावर आतल्या बाजूला एक तपकिरी ठिपका आहे. सुई बोटात घुसल्याचा डाग मी पटकन ओळखते. साबण लावण्याआधी थंड पाण्यात भिजवायचा असतो. गरम पाणी घातलंत, म्हणून तो कायमचा बसला. असू द्या. त्या डागावर फुली मारलेली नाही. तो खोटीत धरत नाहीत.

आता एक सांगते. ऐकून मला किती आनंद झाला हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

मंगळवारी भिंगरी बाहुलीला सॅक घालत होती. बाहुलीचा हात पट्ट्यात जाईना. तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि म्हणाली, "एवढंसुद्धा येत नाही तुला?" मी भाजी चिरत होते, माझी सुरी थांबली. शब्द तिचे, पण आवाज हुबेहूब त्याचा. मी विचारलं, असं कोण म्हणतं गं? तर म्हणाली, "बाबा दातूला." दातू म्हणजे तुम्ही. दातवाली तिच्या तोंडात बसत नाही.

हे वाक्य माझ्या घरातलं आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळताना सैल पडलं की ते यायचं. गॅस लवकर पेटला नाही की यायचं. ओरडून नाही, अगदी हसत हसत, पाहुण्यांसमोर. तेव्हा मला वाटायचं, मी गेल्यावर ते वाक्यही जाईल. तर ते सामानाबरोबर तुमच्याकडे आलंय. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलात, आता बिळात आधीपासून काय होतं तेही भोगा. मला बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटत होतं.

आणखी एक. तुम्ही तिला घाईघाईने सॅक घालता असं दिसतं. तसं करू नका. तिला स्वतःला येते. सॅक जमिनीवर ठेवायची, पट्टे वर, सशाचे कान तिच्या पावलांकडे. ती वाकून दोन्ही हात पट्ट्यांत घालते आणि एका झटक्यात सॅक डोक्यावरून पाठीवर टाकते. मध्ये कुणी हात लावला तर "मी! मी!" करून घर डोक्यावर घेते. हे मी शिकवलंय. श्रेय घेऊ नका.

भिंगरीची आई


२६ सप्टेंबर, शुक्रवार

बाई,

आज टेबलावर माझ्याच मुलीची सॅक घेऊन बसले होते. मधल्या सुट्टीत.

उलटी केली. प्रत्येक शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली. बक्कल बसवलंय, पिवळं, तिच्या अंगठ्यांना जमतं. बाटलीचा कप्पा उजवीकडे, तिचा हात पोचेल तिथे. पट्ट्यांत पातळ फोम भरलाय. अस्तर परत उसवून सरळ केलंत. टाकेसुद्धा एकसारखे आलेत, हे कुठून शिकलात? आत वजन घालून खुंटीला टांगली, उतरवून आपटली, पाण्याचा हबका मारला. हातातला खडू तसाच राहिला.

मुकादमीण बाई आल्या, सॅक हातात घेऊन फिरवली आणि म्हणाल्या, "पास." मग पुढच्या टेबलाकडे गेल्या.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बुधवारी काय होणार ते मला आत्ताच दिसतंय. गेल्या रविवारी तुमचा नवरा शेजारच्या मावशींना सॅक दाखवत होता. मी कामावर असते तेव्हा भिंगरीला सांभाळतात त्या मावशी. त्यांना म्हणाला, "बघा, तिच्या मापाची करून घेतली खास. आमच्याकडे बारीकसारीक काळजी असते. हिच्याकडे दिवसभर परक्यांच्या जिवावर मूल." मावशींच्या तोंडावर! वर म्हणाला, ही सॅक मी समुपदेशक बाईंना दाखवणार आहे.

खोट मी शोधायची, बोटं तुम्ही टोचून घ्यायची आणि माल तो विकणार. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलंय?

तर आता कान उघडे ठेवून वाचा. या सॅकच्या जोरावर माझी मुलगी पाच दिवस तुमच्या घरी गेली, तर मी तुम्हाला सुखाने जगू देणार नाही. दर रविवारी तिच्याबरोबर असं काहीतरी पाठवीन की तुम्ही शुक्रवारची वाट बघाल. तो जे जे खोटं बोलला त्याची एकेक गोष्ट तुम्हाला कळवीन. तुमच्या दवाखान्यात येईन, रांगेत बसेन आणि कुठलाच दात दुखत नसताना तुमच्याकडे बघत बसेन. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही.

एक गोष्ट तुम्हाला दिसेलच, म्हणून सांगून टाकते. सशाच्या पोटाखालची शिवण मी आज उसवायला घेतली होती. सगळी नाही, थोडीच. समुपदेशक बाईंच्या खोलीत वजन आलं की बूड खाली यावं, एवढीच. चार टाके काढले. मग भिंगरी जिन्यावर डोळ्यांसमोर आली. परत घातले. काळा दोरा संपला होता, म्हणून लाल घातलाय. पक्के आहेत, ओढून बघा.

तुम्ही हे सगळं का करता, ते मला कळत नाही. प्रत्येक फुली गपचूप भरून काढता, एका ओळीचं उत्तर देत नाही. मी एवढं विष लिहिते. आत एक कोरी चिठ्ठी तरी ठेवायची.

भिंगरीची आई


३ ऑक्टोबर, शुक्रवार

अगं,

अहो-जाहो करायचा कंटाळा आला. वयाने तू लहानच आहेस, बुधवारी जवळून बघितलं तेव्हा कळलं. एरवी मी तुला कधी नीट बघितलंच नव्हतं. रागाने बघताना चेहरा दिसत नाही.

तुझ्या समोरच घडलं, तरी मी पुन्हा लिहिणार आहे. दोन दिवस मी ते मनात सारखं चालवून बघतेय, एकटीनेच. कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्याला सगळं समजेल असं माणूस तुझ्याशिवाय दुसरं नाही.

त्या खोलीत खुर्च्या चार आणि माणसं पाच, म्हणून भिंगरी खाली सतरंजीवर बसली होती. त्याने ससा टेबलावर ठेवला आणि सुरू झाला. दुकानातलाच सूर. पट्ट्यात फोम आहे मॅडम, वजनाला हलकी, छातीला सपोर्ट, बक्कल बघा, एका हाताने सुटतं. मुलीच्या मापाने मी स्वतः करून घेतली. आई कामावर असते, तिचा दोष नाही, पण मुलाला वेळ लागतो. मला वाटलं, गेली मुलगी.

समुपदेशक बाईंनी चष्मा काढून पुसला. विचारलं, सकाळी बालवाडीसाठी तिची तयारी कोण करणार? तो म्हणाला, "मीच. माझं दुकान उशिरा उघडतं." बाई म्हणाल्या, "छान. मग आता निघायचंय असं समजा. घाला बघू तिला."

तो हसला. त्याला वाटलं, हे तर सोपं. सॅक उचलून तिच्या मागे गेला आणि तिचा हात धरून पट्ट्यात घालायला लागला. कोपर अडकलं. तिने "मी! मी!" सुरू केलं. त्याने दुसरा हात ओढला, ती ताठ झाली आणि सतरंजीवर आडवी पडली. तसाच त्याने पट्टा चढवला, डावा उजवीकडे. मग ज्याची एवढी जाहिरात केली होती ते बक्कल शोधायला लागला. ते त्याने बाटलीच्या कप्प्याच्या नाडीत अडकवलं. कपाळावर घाम. मग त्याने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. डबा सापडत नाही, मोजा सापडत नाही, आता ऊठ आणि काढून दे, ही ती नजर. मीसुद्धा खुर्चीतून अर्धी उठले होते, सवयीने. तू बसून होतीस.

तुझे हात मांडीवर होते. मी ते बघत होते. डाव्या तर्जनीला पट्टी होती. तो म्हणाला, "अगं, बघतेस काय? घाल ना." तू हललीसुद्धा नाहीस. आवाज न चढवता, अगदी त्याच्याच चालीत म्हणालीस, "एवढंसुद्धा येत नाही तुला?"

मी आजवर सूड पुष्कळ रचले. उभ्याने, आडव्याने, भांडी घासताना. त्यातला एकही एवढा बेताचा आणि पक्का नव्हता.

त्यानंतर भिंगरीने सॅक अंगावरून काढली, जमिनीवर ठेवली, कान पावलांकडे. हात घातले, डोक्यावरून पाठीवर टाकली, दोन्ही हातांनी बक्कल टचकन लावलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. निघायचंय असं समजून. समुपदेशक बाईंनी तिला विचारलं, कुणी शिकवलं? तिने आधी माझ्याकडे बोट केलं, मग तुझ्याकडे. बाई म्हणाल्या, बालवाडी कारखान्याजवळही आहे, मी चौकशी केली आहे. सोमवार ते शुक्रवार ती आईकडेच राहील. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार वडिलांकडे, आधीसारखं.

आधीसारखं.

जिन्यावर तो पुढे निघून गेला आणि तू मागे राहिलीस. माझ्याजवळून जाताना तू थांबशील असं वाटलं होतं. थांबली असतीस तर मी काय बोलले असते कोण जाणे. बहुतेक भांडलेच असते. म्हणून बरं झालं.

माफ केलं असं समजू नकोस. माझ्या रजेच्या दिवसांत तू त्याला तारखा दिल्यास, ते मी विसरणार नाही. त्या गोष्टीची फुली तशीच आहे, ती शिवून भरून येणारी नाही. पण ती फुली मी तुझ्या एकटीच्याच अंगावर मारत होते. निम्मी त्याच्या नावावर होती, तो मात्र पास होऊन बाहेर पडला होता. आता त्याच्यावर फुल्या मारायचं काम आपण दोघींनी करायचं.

आज सॅक पाठवतेय. फुली शोधू नकोस, एकही नाही. वरच्या कप्प्यात तिचा कपड्यांचा जोड, बाजूला बाटली. आत ढोल आहे.

काड्यांचा कापूस मी काढून टाकलाय. रविवारी जेवल्यावर तो पंख्याखाली आडवा होतो, ती त्याची सवय मोडलेली नसणार. त्या खोलीचं दार नीट लागत नाही असं भिंगरी सांगत होती. तिला ढोल दे, दार थोडं उघडं ठेव, आणि तू तेवढ्यात बाहेर एक चक्कर मारून ये.

भिंगरीची आई